हंगामाचा शेवटचा सामना

आज बचत, कर्ज, परतफेड यातलं काही बोलणार नाही. मार्चअखेर नुकती सरली आहे, बँकेच्या पायऱ्या चढून आपल्या सगळ्यांचेच पाय दुखताहेत, तेव्हा ते राहू दे. जयसिंगपूरच्या आसपासच्या गटांतल्या आम्ही बायका यंदा संक्रांतीपासून एक खेळ खेळलो. त्या खेळाविषयी आणि त्यातल्या शेवटच्या सामन्याविषयी आज सांगायचं आहे. खेळाचं नाव सॉफ्टबॉल.

हा साहेबाचा खेळ, आपल्याला काय त्याचं, असं कुणाला वाटत असेल तर त्याच्या जन्माची गोष्ट ऐका. १८८७ साल, अमेरिकेतलं शिकागो शहर, नोव्हेंबरची थंडी. एका क्लबात काही तरुण दुसऱ्या गावी चाललेल्या फुटबॉल सामन्याचा निकाल तारेनं कधी येतो याची वाट बघत बसले होते. निकाल आला, आणि गमतीत एकानं बॉक्सिंगचा हातमोजा उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकला. त्यानं तो काठीनं परत टोलवला. तिथं जॉर्ज हॅनकॉक नावाचा एक जण होता. त्यानं तो मोजा दोरीनं आवळून त्याचा चेंडू केला, आणि बॅट म्हणून घेतला झाडूचा दांडा. म्हणजे बघा, या खेळाचं पहिलं हत्यार रोज आपल्याच हातात असतं. 'सॉफ्टबॉल' हे नाव मिळायला मात्र १९२६ साल उजाडलं.

नावात सॉफ्ट असलं तरी चेंडू मऊ नाही हं. घेर १२ इंच, वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा. पहिल्या दिवशी आमच्या एकीनं तो बिनमोज्याचा झेलला आणि आठवडाभर डाव्या हातानं भाकरी थापली.

खेळ कसा असतो ते रेडिओवर सांगणं जरा अवघड आहे, तरी सांगतो. मैदानावर चौकोन आखायचा, पण तो कोपऱ्यावर उभा केलेला, शंकरपाळीसारखा. चार कोपऱ्यांवर चार ठाणी. खालच्या ठाण्याला म्हणतात होम, म्हणजे घर. बॅट घेतलेली बाई घरात उभी राहते. समोरून पिचर चेंडू टाकते. तिचा हात गोल फिरला तरी चेंडू सुटतो तो कमरेखालून, क्रिकेटसारखा डोक्यावरून नाही. चेंडू टोलवला की बॅट तिथंच टाकून पळायचं. पहिलं ठाणं, दुसरं, तिसरं, आणि पुन्हा घर. घरून निघून घरी परत पोचलं की एक रन. मध्ये कुणी चेंडू घेऊन आपल्याआधी ठाण्यावर पोचलं किंवा आपल्याला चेंडू लावला की आऊट. झेल गेला तरी आऊट. तीन आऊट झाले की डाव पलटतो. खऱ्या सामन्यात असे सात डाव असतात, आम्ही पाच खेळतो. दोन ठाण्यांमधलं अंतर नियमाप्रमाणे ६० फूट, आम्ही थोडं कमी ठेवलंय. साठ फूट म्हणजे किती, हे ज्यांनी पन्नाशीत पळून पाहिलंय त्यांनाच कळेल.

एका संघात नऊ जणी. प्रत्येकीच्या जागेला नंबर. पिचर एक, मागं बसून चेंडू अडवणारी कॅचर दोन, पहिल्या ठाण्यावरची तीन, असं करत करत लांब उजव्या अंगाला उभी असते ती नऊ. आमच्या लोकांना हे चटकन पाठ झालं, कारण जयसिंगपुरात गल्ल्यांनाही नंबरच आहेत. शाहू महाराजांनी १९१७ साली हे गाव वसवलं ते सरळ रस्ते आणि काटकोनात गल्ल्या आखून. पत्ता विचारला की आम्ही आठवी गल्ली, बारावी गल्ली असं सांगतो. तेव्हा 'तू नववी' म्हटलं की बाई बरोबर जाऊन उभी राहते.

आता सॉफ्टबॉलच का, असं आम्हाला सगळ्यांनी विचारलं. एक कारण साधं आहे. एका शाळेतल्या खेळाच्या बाईंनी जुन्या बॅटी आणि मोजे वापरायला दिले. मुलींच्या शालेय स्पर्धांत हा खेळ असतो, त्यामुळं सामान शाळेत पडून होतं. दुसरं कारण आमचं आम्हीच शोधलं. क्रिकेट खेळायला उतरलो असतो तर बांधावर बसलेल्या प्रत्येक पोराला आमची बॅट कशी धरली पाहिजे ते ठाऊक असतं. सॉफ्टबॉल कुणालाच ठाऊक नाही. आम्ही चुकतोय का बरोबर, हे बघणाऱ्याला कळतच नाही. नवशिक्या बाईला याच्याइतकी सोय दुसरी नाही.

चार संघ झाले. नदीकडच्या गावांतल्या बायकांचा एक, माळाकडच्या गावांचे दोन, आणि जयसिंगपूर गावातला आमचा. या ओळखी जुन्या आहेत. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली, तेव्हा नदीकडच्या माणसांना जयसिंगपुरात आसरा मिळाला होता. एका चुलीवर दोन-दोनशे माणसांचा भात शिजवला की बायकांची जी ओळख होते ती जात नाही.

पैशाचंही सांगून टाकतो, कारण पत्रातून हे नक्की विचाराल. गटाच्या बचतीतला किंवा व्याजातला एक रुपया खेळावर घातलेला नाही. घालूही नये. ज्या बाईला खेळायचं नाही तिचा पैसा तिच्या अडीनडीसाठी आहे. खेळणारीनं महिन्याला दहा रुपये वेगळे काढायचे, वही वेगळी, डबा वेगळा. त्यातून चेंडू आले, चुन्याची पिशवी आली, आणि लिंबू-साखर.

घरी काय सांगून बाहेर पडायचं, हा खरा प्रश्न होता. बहुतेकींनी आरोग्याचं नाव सांगितलं. ते खोटं नाही. गटाच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं तरी अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आपल्यातली जी बाई दिवसभर भांगलायला जाते, वाड्याचा भारा डोक्यावरून आणते, दोन म्हशींचं बघते, तिची १५० मिनिटं सोमवारी दुपारीच भरतात. तिला व्यायामासाठी मैदानावर यायची काही गरज नाही. एका सासूबाईंनी आम्हाला तेच तोंडावर सांगितलं: "व्यायाम पायजे व्हय? मग या की आमच्या रानात, खुरपं देतो." बोलणं रास्त होतं. त्यावर त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "आत्ती, रानात हसाय येत न्हाई." आम्हाला याच्यापेक्षा चांगलं उत्तर पुढं तीन महिन्यांत सुचलं नाही.

खेळ आपल्याला नवा नाही. पंचमीचा झोका होता, झिम्मा होता, फुगडी होती, मंगळागौरीला रात्र जागवायची होती. पण ते सगळं श्रावणात, आणि शक्यतो माहेरात. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, वयही ठरलेलं. लेकरं शाळेत जायला लागली की बाई फुगडीच्या बाहेर उभी राहून टाळ्या वाजवते. बारामतीच्या लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. साठीच्या घरातली बाई, नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावली आणि जिंकली. त्यांच्यावर मराठी सिनेमाही आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. सगळ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं आणि ते करायलाच हवं. पण त्या धावल्या कशासाठी? नवऱ्याच्या दवाखान्याला पैसे हवे होते म्हणून. नवऱ्यासाठी धावणारी बाई लोकांना लगेच कळते. बाई उगीचच धावली, तिला बरं वाटतं म्हणून धावली, तर मात्र गल्लीत विचारतात, "हिला काय झालंय?" आम्हाला नेमकं हेच विचारत होते.

ज्यांना वय आडवं येतं त्यांच्यासाठी आणखी एक नाव सांगतो. जपानची युकिको उएनो. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये तिनं दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपाननं अमेरिकेला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर ऑलिंपिकमधून हा खेळच काढून टाकला. तेरा वर्षांनी, २०२१ मध्ये टोकियोत तो परत आला, तेव्हा उएनो ३९ वर्षांची होती. अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकाच समोर, पुन्हा चेंडू हिच्याच हातात, आणि पुन्हा सोनं जपानला. आमची पिचर शिलाईकाम करते, तीही ३९ चीच. हे ऐकल्यापासून ती आम्हाला 'मला जपान म्हणा' म्हणते.

आता सामन्याकडे येतो.

प्रत्येक संघानं दुसऱ्या तिन्ही संघांशी दोन-दोनदा खेळायचं, म्हणजे सहा सामने. रविवारी सकाळी सातला सुरुवात, नऊच्या आत घरी. जानेवारीत सगळ्यांनी बसून नियम केला होता: आठ जणी आल्या तरी सामना होईल, पण जी आली नाही तिची बॅटिंगची पाळी आली की एक आऊट धरायचा. बैठकीला गैरहजर राहिलं की आपण दंड लावतो ना, तसंच. नऊ जणी येतच नाहीत हे आम्हाला अनुभवानं माहीत होतं. कुणाच्या घरी पाव्हणे, कुणाचं लेकरू तापलेलं, कुणाच्या रानात पाण्याची पाळी.

आमचा संघ पाच सामन्यांत चार हरला होता. एक जिंकलो तो फेब्रुवारीत, नदीकडच्यांशी. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांच्या आठच जणी आल्या होत्या, दोनदा त्यांची रिकामी पाळी आली आणि दोन आऊट आम्हाला फुकट मिळाले. जिंकलो ते जिंकलो. पेढे वाटले. नदीकडच्या बाकी चारही सामने जिंकल्या होत्या आणि पहिल्या नंबरवर होत्या. शेवटच्या रविवारी त्यांचा सामना पुन्हा आमच्याशी. आमच्याकडून हरल्या असत्या तर माळावरच्या एका संघाशी त्यांची बरोबरी झाली असती.

मार्चचा शेवट म्हणजे कसा काळ असतो तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यांचा हंगाम आटोपत आलेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या तुरळक झालेल्या. दहावीच्या पोरांचे पेपर संपलेले किंवा शेवटचा राहिलेला. यात्रा-जत्रा सुरू. सकाळी आठलाच ऊन कानशिलावर बसतं. आणि हाच काळ सोयरीक जुळवायचा.

आमच्या नऊ नंबरच्या वैनी, त्यांचं नाव घेत नाही, पण हे सगळं त्यांना विचारूनच सांगतोय. वय पंचेचाळीसच्या आसपास. गटाची वही त्याच लिहितात. लांब उजव्या अंगाला उभ्या राहतात, कारण तिथून पहिल्या ठाण्यापर्यंत थेट चेंडू फेकू शकेल अशी आमच्यात ती एकटी बाई आहे. वर्षानुवर्षं वाड्याचे भारे ट्रॉलीत फेकून तो खांदा तयार झालाय. बॅटिंगला मात्र शेवटी यायच्या. जागाही नववी आणि पाळीही नववी. शनिवारी रात्री त्यांचा फोन आला. रविवारी लेकीला बघायला पाव्हणे येणार, सकाळी नऊला. घरातली माणसं म्हणाली, एक दिवस मैदान राहू दे. आणि त्याच्याही पुढं एक बोलणं झालं. पाव्हणे त्याच रस्त्यानं यायचे, मैदान रस्त्याला लागून. पोरीची आई डोक्यावर टोपी घालून धुरळ्यात पळताना दिसली तर सोयरीक व्हायच्या आधीच मोडेल.

आम्ही काही म्हणालो नाही. अशा वेळी काय म्हणणार? लेकीच्या लग्नापुढं आपल्यातली कुठलीच आई चेंडू निवडणार नाही, आणि तिनं तसं निवडावं असं आम्हीही सांगणार नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वेळेची अडचण असती तर समजलो असतो, सात ते नऊ खेळून ती घरी पोचली असती, पोहे करायला लेक आणि जाऊबाई होत्या. अडचण होती ती दिसण्याची.

तर आठ जणींनी खेळलो. लांब मैदानात तिघींऐवजी दोघी. नदीकडच्या काही भोळ्या नाहीत. दुसऱ्या डावातच त्यांनी हेरलं की उजवी बाजू मोकळी आहे, आणि चेंडू तिकडंच टोलवायला लागल्या. आमची आठ नंबरची पोरगी दोन्हीकडं पळून अर्धमेली झाली. शेवटच्या डावाला आम्ही बॅट घेतली तेव्हा त्यांचे नऊ रन, आमचे पाच. तोवर रिकामी पाळी दोनदा येऊन गेली होती. पंच असलेल्या बाई नियमाप्रमाणे मोठ्यानं म्हणायच्या, "नववी. गैरहजर. आऊट." दोन्ही वेळा आमच्या बाकावर कुणी बोललं नाही.

शेवटच्या डावात मात्र काय झालं कुणास ठाऊक. दुसऱ्या पाळीची बाई चार चेंडू बाहेर गेले म्हणून चालत पहिल्या ठाण्यावर गेली. तिसरीनं टोलवला. चौथी झेल देऊन आऊट. पाचवीनं असा मारला की दोघी घरी आल्या. सात. सहावी पळताना आऊट, पण पाचवी तेवढ्यात तिसऱ्या ठाण्यावर पोचली. सातव्या पाळीला आमच्या पिचरबाई, म्हणजे जपान. चेंडू पिचर आणि पहिल्या ठाण्याच्या मधून गेला, पाचवी घरी. आठ. आठवी आली ती धावून धावून दमलेली पोरगी. तिनं बॅट नुसती पुढं केली, चेंडू उजव्या रेषेवरून घरंगळत गेला. जपान तिसऱ्यावर, पोरगी दुसऱ्यावर. म्हणजे एक रन आली की बरोबरी, दोन आल्या की जिंकलो. दोन आऊट झालेले. पुढची पाळी नववी.

मैदान गप्प झालं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या चार-पाच मिनिटांच्या आरड्याओरड्यात कुणी मोजलंच नव्हतं.

तेवढ्यात नदीकडच्यांची कॅप्टन पुढं आली. ती गावच्या डेअरीत दुधाचं फॅट काढते, हिशेबाला पक्की बाई. ती पंचबाईंना म्हणाली, "ही पाळी सोडा. पहिलीला खेळवा. आम्हाला चालतंय." तिच्या बाकावरच्या दोघी-तिघी लगेच उठल्या, त्यांचा पहिला नंबर जाणार होता. तिनं हातानं त्यांना बसवलं.

पंचबाई आमच्याकडं बघायला लागल्या. आमच्याकडून बोलायचं ते थोरल्या आक्कांनी. आक्का आमच्या संघात सगळ्यात मोठ्या, पहिल्या ठाण्यावर उभ्या राहतात, आणि बॅटिंगची पहिली पाळीही त्यांचीच. म्हणजे पाळी सोडली असती तर बॅट त्यांच्याच हातात येणार होती. त्या हातात बॅट धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "न्हाई. फेब्रुवारीत तुमच्या आठ होत्या तवा आमी सोडली न्हाई. आता कुठल्या तोंडानं घेऊ?" आणि बॅट खाली ठेवली.

पंचबाई म्हणाल्या, "नववी. गैरहजर. आऊट."

नऊ विरुद्ध आठ. हंगाम संपला.

आक्कांनी बरोबर केलं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. आठ नंबरची पोरगी दुसऱ्या ठाण्यावर उभीच राहिली होती आणि रडत होती. तिचं म्हणणं, समोरची स्वतःहून देत होती, मागितलं नव्हतं, मग घ्यायला काय हरकत होती? जपानचं म्हणणं, खेळ मौजेसाठी आहे असं आपणच गावभर सांगतो, मग तो मौजेनं संपवायचा होता. दोघींचं बोलणं चूक आहे असं म्हणवत नाही. तरी आमचा कौल आक्कांकडं आहे. फेब्रुवारीतला तो एक विजय आमच्या सगळ्यांच्या मनात थोडा टोचत होता. आणि दुसरं असं, की ती पाळी पुसून टाकली असती तर आमची नववी बाई त्या दिवशी आली नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नसतं. ती नव्हती म्हणून आम्ही हरलो. तिच्या नसण्याला किंमत होती.

हे तिच्या घरी कसं पोचलं ते ऐका. त्याच दिवशी दुपारी आमच्यातल्या दोघी त्यांच्या घरावरून गेल्या, पाव्हणे गेले होते. वैनींनी पहिलं विचारलं, "काय झालं?" एकीनं सांगितलं, एका रननं हरलो, आणि शेवटची पाळी तुमची होती. वैनी तिथंच उंबऱ्यावर बसल्या. त्यांचे मालक बाहेर खुर्चीवर होते, त्यांनी विचारलं, हिची पाळी म्हणजे काय? मग त्या दोघींनी अंगणात काडीनं शंकरपाळी काढून सगळा सामना त्यांना समजावून सांगितला. दोन आऊट, तिसऱ्यावर बाई, दुसऱ्यावर बाई. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हिच्यावर अडलं होतं?" बस, एवढंच. पुढं काही बोलले नाहीत. तीन महिन्यांत त्यांनी त्या खेळाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

आणि पाव्हण्यांचं सांगायचं राहिलं. मुलाच्या आत्यानं लेकीला विचारलं, आई काय करते. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, बचत गटाचा हिशेब लिहिते, आणि सॉफ्टबॉल खेळते, आज तिची मॅच होती. वैनी सांगतात, माझ्या हातातला चहाचा ट्रे हलला. पाव्हणे एकमेकांकडं बघायला लागले. मुलाकडचे एक काका म्हणाले, "हे कसलं बॉल?" मग तिनं त्यांना सांगितलं. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल. वैनींच्या घरात यावरून जे व्हायचं ते बोलणं झालंच. आम्ही ते इथं सांगत नाही.

पुढच्या हंगामासाठी चारही संघ मागच्या आठवड्यात बसले. रिकाम्या पाळीचा नियम ठेवायचा का, यावर हात वर करून मत घेतलं. नियम राहिला, पण आता प्रत्येक संघात नऊऐवजी बारा जणींची नावं असतील, म्हणजे एकीच्या घरी पाव्हणे आले तर दुसरी उभी राहील. नदीकडच्यांच्या कॅप्टननंच हे सुचवलं. आमच्या बारांत पहिलं नाव नऊ नंबरच्या वैनींनी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

आता पावसाळाभर मैदानात चिखल, त्यामुळं सराव दसऱ्यानंतर. ज्या गटांना हे करून बघायचं आहे त्यांनी आधी जवळच्या शाळेत जाऊन विचारा, बॅटी आणि मोजे बहुतेक वेळा कपाटात असतात. मोजे वापरायच्या आधी उन्हात घाला, आत विंचू असतो. नियम सगळ्यांनी मिळून पहिल्याच दिवशी ठरवा आणि लिहून ठेवा. खेळाचा वेळ स्वयंपाकाच्या आधी ठेवा, नंतर ठेवला तर कुणी येत नाही, हे आमच्याकडून लिहून घ्या. साडी नेसूनही खेळता येतं, आमच्यातल्या तिघी तशाच खेळतात, फक्त पदर घट्ट खोचा. बूट नसले तर अनवाणी पळा, पण चपला घालून ठाण्यावर पळू नका, अंगठा दुखावतो.